कुंपण जंगलाला की वावराला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर तुम्हाला सांगता येईल. मामांचं वावर देवलापारजवळ, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याला लागून. डुकरं दरवर्षी धान लोळवतात. गेल्या हिवाळ्यात वाघाने गोठ्याजवळून गोऱ्हा नेला. तुम्ही नागपुरात नोकरीला. सिल्लारी गेटने सफारी केलीत, तर अख्ख्या सकाळी दोनच वनरक्षक दिसले. म्हणून तुम्ही विचारताय की राष्ट्रीय उद्यानाभोवती एकदाचं भक्कम जाळीचं कुंपण घालून, वर ड्रोन सोडून आणि पहाऱ्यावरच्या माणसांना बंदुका देऊन हा विषय मिटवत का नाहीत? दक्षिण आफ्रिकेत जमतं, मग आपलंच घोडं कुठे अडलंय?

मी वनखात्यात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे लोक ज्याला आरएफओ म्हणतात, म्हणून निवृत्त झालो. तीस-बत्तीस वर्षं नागपूर, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर जिल्ह्यांत गेली. आता सकाळी सेमिनरी हिल्सवर फिरायला जातो तेव्हाही नजर खालीच असते, पावलं आणि वायर शोधत. बायको म्हणते, समोर बघून चाला, खांबाला धडकाल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. जंगल कसं राखायचं हा एक, आणि मामांचं धान नि गुरं कशी राखायची हा दुसरा. कुंपण हे दुसऱ्याचं उत्तर आहे, तुम्ही ते पहिल्याला लावताय. जंगलाला कुंपण नको, वावराला आणि गोठ्याला हवं, हे माझं मत. ते कशावरून बनलं ते सांगतो.

आधी जागेचा हिशेब. पेंचचा महाराष्ट्रातला गाभा सुमारे २५७ चौरस किलोमीटर. ऐकायला मोठं वाटतं. पण एका वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं लागतात, आणि ती दरवर्षी मिळत राहायची तर मागे जंगलात पाचशेचा साठा हवा. म्हणजे इतक्या जागेत थोडेच वाघ मावतात. वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा तर १३८ चौरस किलोमीटरच. अशा जंगलात वाघीण दोन-तीन बछडे मोठे करते आणि दोन वर्षांचे झाले की त्यांना बाहेर पडावं लागतं. नर तर हमखास. जुना नर त्यांना हद्दीत राहू देत नाही.

टिपेश्वरचा एक तरुण नर आठवतो का? २०१९च्या फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो यवतमाळ जिल्ह्यातलं ते छोटंसं अभयारण्य सोडून निघाला. तेलंगणात गेला, परत आला, हिंगोलीकडून फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मार्च २०२०पर्यंत त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली होती. बराचसा रस्ता कापूस-सोयाबीनच्या वावरांतून, नाल्यांच्या कडेकडेने. त्याच २०१९च्या नोव्हेंबरात आपल्या नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातही एक वाघ फिरत होता, ते तर तुम्ही नागपूरकर म्हणून ऐकलंच असेल. आता टिपेश्वरला कुंपण असतं अशी कल्पना करा. तो पोरगा आत अडकला असता, आणि एक तर बापाच्या हातून मेला असता, नाही तर पुढेमागे आपल्याच बहिणींशी जुगला असता. चार-पाच पिढ्या असं चाललं की जंगल हिरवं राहतं आणि आतला वाघ खंगत जातो.

दक्षिण आफ्रिकेचं म्हणाल, तर तिथे लहान उद्यानांना कुंपणं आहेत हे खरं. पण त्यांची किंमतही ते मोजतात. सिंह एका उद्यानातून दुसऱ्यात ट्रकने न्यावे लागतात, नाही तर रक्त एकच होतं. संख्या फार वाढली की सिंहिणींना गर्भनिरोधक द्यावं लागतं. आणि जिथे शक्य झालं तिथे त्यांनी उलटंच केलं. क्रुगर आणि शेजारच्या मोझांबिकचं लिम्पोपो उद्यान यांच्यामधल्या कुंपणाचा काही भाग त्यांनी स्वतःच काढला, जनावरांना ये-जा करता यावी म्हणून.

आपल्याकडे कुंपण नसतानाही हे उचला-ठेवीचं काम सुरू झालंय. २०२३च्या मे महिन्यात चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, कारण तिथे जागा होती आणि वाघ कमी. २०२४मध्ये ताडोबाच्या दोन ओडिशाच्या सिमिलीपालला गेल्या. त्यातली एक झारखंड, पश्चिम बंगाल असं तीन राज्यांत भटकली आणि शेवटी बांकुड्यात बेशुद्ध करून पकडावी लागली. एका वाघिणीमागे किती माणसं, किती गाड्या आणि किती रात्री जातात ते मी जवळून पाहिलंय. हे काम अधूनमधून करायचं औषध आहे. रोजचं जेवण म्हणून ते परवडत नाही.

तुम्ही देवलापारला जाता ते राष्ट्रीय महामार्ग ४४ने. मनसरच्या पुढे खवाश्याकडे जाताना रस्ता जागोजागी उचलून पुलासारखा केलाय, पण गाडीत बसून ते फारसं लक्षात येत नाही. महाराष्ट्राच्या हद्दीत असे ९ भुयारी मार्ग आणि पूल आहेत, सर्वांत लांब ७५० मीटरचा. खालून जनावरं जातात, वाघही जातात, कॅमेऱ्यांत नोंदी आहेत. इतका पैसा ओतून सरकारने जंगलाला वाट मोकळी करून दिली, आणि तुम्ही म्हणता त्या कुंपणाने तीच वाट दोन शेतं ओलांडून बंद होईल.

तरी कुंपण कुठेच नको असं मी म्हणत नाही. मुंबईच्या संजय गांधी उद्यानासारखं, चहूबाजूंनी शहर लोटत आलेलं जंगल असेल तर भिंत लागते, कारण तिथे मुख्य भीती अतिक्रमणाची. बफरमधल्या एखाद्या गावठाणाला, जिथे वाघ-बिबट घरांच्या मागच्या परड्यापर्यंत येतात, चेनलिंक जाळीचा उपयोग होतो. आपली वस्ती आत घ्यायची आणि जंगल बाहेर मोकळं ठेवायचं, असं ते कुंपण.

आता तुम्हाला दिसलेले दोन वनरक्षक. सफारीच्या रस्त्यावर वनरक्षक कमीच दिसायचे, त्यांचं काम तिथे नसतं. जंगलाचे भाग पाडलेले असतात, त्यातला सर्वांत लहान म्हणजे बीट, आपल्या कागदांत ज्याला नियतक्षेत्र म्हणतात. माझ्या वेळी एक बीट दहा-बारा चौरस किलोमीटरचं असायचं. त्याला एक वनरक्षक आणि बरोबर दोन-तीन वनमजूर. आत संरक्षण कुटी असते, तिथेच मुक्काम. रोज सात-आठ किलोमीटर पायी, पावसाळ्यातही, खरं तर पावसाळ्यात जास्त, कारण तेव्हा पर्यटन बंद असतं आणि चोरांना ते ठाऊक असतं. हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एम-स्ट्राइप्सचं अ‍ॅप असतं. कुठून कुठे चाललात, काय दिसलं, सगळं नकाशावर उमटतं. त्यामुळे मला दर आठवड्याला बीटमधली कोरी जागा दिसायची. जिथे महिनाभर कोणाचा पाय पडलेला नाही, तिथे दुसऱ्या दिवशी मी स्वतः जायचो.

असाच एकदा गेलो होतो. ऑक्टोबर अखेर, गवत छातीला लागत होतं. पुढे एक जुना वनमजूर, हातात तेंदूची काठी. तो काठी जमिनीलगत, गवताच्या बुडातून डावी-उजवीकडे ओढत चालायचा, वखर ओढावं तसं. मी चिडलो होतो, इतक्या हळू चाललो तर संध्याकाळ होईल म्हणून. नाल्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवर, दोन बोरीच्या झुडपांमध्ये, काठी अडकली. तो खाली बसला, गवत बाजूला केलं. मोटारसायकलच्या क्लचची वायर. एक टोक बोरीच्या बुंध्याला पिळलेलं, दुसऱ्याचा सरकफास, आणि फास बरोबर चितळाच्या मानेच्या उंचीवर, गवताच्या दोन काड्यांनी टेकवून ठेवलेला. दोन हातांवरून माणूस गेला तरी दिसला नसता. म्हातारा म्हणाला, “साहेब, हा एकटा नाही जी. असे लावते तर दहा लावते.” आम्ही त्या नाल्यावर दुपारपर्यंत राहिलो. अकरा निघाले. अकरावा रिकामा नव्हता, पण ते जाऊ द्या.

हे ड्रोनला दिसलं असतं का? नसतं. आपलं जंगल सागाचं आणि बांबूचं. एप्रिल-मे महिन्यात पानगळ झालेली असते तेव्हा वरून जमीन दिसते, पण पावसाळा आणि हिवाळ्यात वरून फक्त हिरवं छत दिसतं. ड्रोनचे खरे उपयोग दोन. वावरात शिरून बसलेला वाघ नेमका कुठल्या तुरीत आहे हे बघायला, गर्दी त्याच्या अंगावर जायच्या आत. आणि आगीची दिशा बघायला. कॅमेऱ्याचंही तसंच. गणतीला कॅमेरा ट्रॅपशिवाय पर्याय नाही, दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात म्हणून एकेक वाघ मोजता येतो. देशात २०२२च्या गणतीत सरासरी ३,६८२ वाघ निघाले, त्यात महाराष्ट्रात ४४४, ते याच पद्धतीने. पेंचमध्ये २०२४पासून धूर ओळखून इशारा देणारी एआय कॅमेऱ्याची यंत्रणाही बसवलीय. ही सगळी कामाची साधनं आहेत. पण इशारा आल्यावर तिथे पोचायला शेवटी पायच लागतात, आणि त्या पायांना वाट माहीत असावी लागते. यंत्रणेला पैसे आहेत आणि वनरक्षकाची पदं रिकामी, असं जिथे दिसेल तिथे मी उद्घाटनाच्या फोटोवर विश्वास ठेवत नाही.

बंदुकांबद्दल थोडक्यात. पेंच, ताडोबा, मेळघाट आणि नवेगाव-नागझिरा इथे विशेष व्याघ्र संरक्षण दलाची पोरं आहेत. टोळीने येणाऱ्या शिकाऱ्यांसाठी, किंवा पेंचमध्ये तोतलाडोहच्या जलाशयात रात्री चोरून जाळी टाकणाऱ्यांसाठी त्यांची गरज आहे. पण फास लावणारा माणूस तुमच्या समोर येतच नाही. तो आठवड्याच्या बाजारात तुमच्या शेजारी उभा राहून कांदे घेत असतो. त्याचा पत्ता लागतो तो गावातून आलेल्या एका फोनने. तो फोन गावाने करावा असं तुमचं वागणं असलं तर.

म्हणून गावाकडे येतो. त्याआधी माझी एक चूक सांगतो, कारण पुस्तकी ज्ञान आणि जंगल यांत किती अंतर असतं ते मला तिने शिकवलं. एका रेंजला आरएफओ असताना, कुठली ते सांगत नाही, उन्हाळ्यासाठी नवा पाणवठा करायचा होता. बोअर मारून, वर सोलर पंप बसवून, सिमेंटचा हौद. मी जागा निवडली ती हद्दीपासून सहाशे-सातशे मीटर आत. का? तर बोअरची गाडी तिथवर जात होती. आतल्या जागेला रस्ता करावा लागला असता आणि मार्च संपत आला होता, निधी परत गेला असता. पाणी लागलं, भरपूर लागलं. पंधरा दिवसांत चितळं येऊ लागली, मग सांबर, मग गवे. मी साहेबांना फोटो पाठवले, शाबासकी मिळाली. एप्रिलमध्ये बछड्यांसह वाघीण आली आणि तिथेच ठाण मांडलं.

मे संपायच्या आत त्या गावची नऊ गुरं गेली. ग्रामसभेत मी पाणवठ्याचे फायदे समजावत होतो. एक म्हातारा शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, “साहेब, जंगलात तीन जुने डोह होते. ते तुमी उपसले नाही. अन् वाघाले आमच्या दारात पाणी पाजून राहिले.” मला उत्तर नव्हतं. तिन्ही डोह कुठे आहेत ते त्याला माहीत होतं. माझ्या नकाशात त्यातला एकच होता. आम्ही पंप बंद केला, श्रमदानाने दोन डोहांतला गाळ काढला, पण वाघिणीला गावची वाट कळली होती. ती पाऊस पडेपर्यंत येत राहिली. तेव्हापासून मी पाणवठ्याची जागा गावातल्या गुराख्याला विचारल्याशिवाय ठरवली नाही. पाणी कुठे आहे यावर चितळ कुठे राहील ते ठरतं, आणि चितळावर वाघ. कुंपण न घालताही जनावराला आत ठेवायची जी थोडीफार कळ आपल्या हातात आहे ती ही.

दुसरी कळ म्हणजे गवत. हिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. ताडोबातली नवेगाव, जामणी ही गावं उठून गेली आणि त्यांच्या शेतांच्या जागी आज मोठी कुरणं आहेत. गाव उठल्यावर गवत आपोआप येतं असं लोकांना वाटतं. आपोआप येतो तो तरोटा, रानतुळस आणि घाणेरी. चितळ त्यांना तोंड लावत नाही. तरोटा फुलावर यायच्या आत, बी धरण्यापूर्वी, ऑगस्टच्या चिखलात बायामाणसं लावून मुळासकट उपटावा लागतो, आणि तो सलग तीन-चार वर्षं. एक वर्ष चुकवलं की पहिल्यापासून. मग हळूहळू मारवेल, शेडा, पवन्या ही गवतं जोर धरतात. वाघ वाचवायचा म्हणून निघालेला माणूस पावसात तरोटा उपटत बसलेला असतो, त्याचा फोटो कोणी काढत नाही.

गाव उठवण्याचं मात्र सावधपणे बोललं पाहिजे. कायद्याने ते ऐच्छिक आहे, ग्रामसभेची संमती लागते. कुटुंबामागे आधी १० लाख मिळायचे, २०२१मध्ये ते १५ लाख झाले. काही गावांना खरंच निघायचं असतं, शाळा नाही, दवाखाना नाही, धान घरी येत नाही. तिथे ते चांगलं होतं. पण नवी जागा तयार नसताना, पाण्याचा नळ कागदावर असताना घाई केली, तर माणसं पैसे संपवून दोन वर्षांत परत जंगलाच्या तोंडाशी येतात, या वेळी मनात राग घेऊन. कुठलं गाव कुठल्या प्रकारात बसतं हे नागपुरात बसून सांगता येत नाही.

आता आग. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढून ठेवायच्या, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यांतलं गवत आधीच कापून जाळून टाकायचं, जेणेकरून आग आली तरी ओलांडणार नाही. उपग्रहावरून मोबाइलवर इशारे येतात. ते उपयोगी आहेत, पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळी डोक्यावरून जातो, तोवर कधी कधी टेकडी काळी झालेली असते. आग का लागते हे विचारलंत तर निम्मं उत्तर मोहफूल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. खाली वाळल्या पानांचा थर असला की फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची पानं पेटवतात. पेटवणाऱ्याला जंगल जाळायचं नसतं, त्याला चार पायल्या मोह हवा असतो. वारा सुटला की ते त्याच्या हातात राहत नाही.

आम्ही पकडापकडी करून पाहिली. जंगलाला लागून असलेल्या गावात दरवर्षी चार जणांवर गुन्हे, आणि दरवर्षी आग. मग एका वनपालाने सुचवलं की गावात कुठलं मोहाचं झाड कोणाच्या घराण्याचं हे ठरलेलं असतं, पिढ्यान्‌पिढ्या. आपण झाडांची यादीच करू. केली. झाडामागे एक नाव. फेब्रुवारीच्या शेवटी त्या-त्या घरच्यांबरोबर जाऊन झाडाखालची पानं झाडून काढली, काही ठिकाणी ब्लोअरने, बहुतेक ठिकाणी साध्या खराट्याने. काहींना झाडाखाली पसरायला जाळी दिली, तिच्यात फूल मातीला न लागता पडतं आणि भावही बरा येतो. आग शून्यावर आली नाही. पण आधी सहा-सात ठिकाणी लागायची ती एक-दोनवर आली, आणि लागली तर सांगायला गावातूनच पोरगं सायकलवर यायचं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: कुंपणाने वाघाची वाट अडते, फास आणि आग अडत नाहीत. ते अडवायला पायी गस्त, पाणी, गवत आणि गावाशी असलेलं नातं लागतं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड, कारण त्यात पैशाचा प्रश्न आहे.

व्याघ्र प्रकल्पाच्या गेटवर तुम्ही भरता ते पैसे त्या प्रकल्पाच्या व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानात जातात, आणि त्यातून संरक्षणाची नि गावांची कामं होतात. २०१५पासून बफरमधल्या गावांसाठी राज्याची जन-वन विकास योजना आहे, तिच्यातून गॅस जोडण्या, शेतीची कुंपणं वगैरे मिळतं. ही व्यवस्था चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे जी मला कायम बोचली. गेट ज्या गावाजवळ, तिथल्या पोरांना जिप्सी, गाईड, रिसॉर्टमध्ये काम मिळतं. जंगलाच्या मागच्या अंगाला, जिथे गेट नाही आणि डांबरी रस्ताही धड नाही, त्या गावाची गुरं तोच वाघ मारतो. वाघ एक, उत्पन्न एका गावाचं आणि नुकसान दुसऱ्याचं. पर्यटन वाढवून हे सुटत नाही, गाभ्यात जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन चालतं आणि ते योग्यच आहे. मागच्या गावांना त्या पैशातला वाटा ठरवून द्यावा लागतो. काही क्षेत्र संचालक ते करतात, काही करत नाहीत. माणसावर अवलंबून राहिलेली गोष्ट आहे ती, राहायला नको होती.

आणि या रागातूनच जिवंत तार येते. मामांसाठी हा भाग नीट वाचा. डुकरांच्या त्रासाने कंटाळलेला शेतकरी रात्री विजेच्या तारेवर आकडा टाकतो आणि धुऱ्याभोवती, म्हणजे बांधाभोवती, उघडी तार फिरवतो. डुकरासाठी. तिला कोण चिकटेल हे तिला कळत नाही. उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध नर जय २०१६मध्ये बेपत्ता झाला, त्याचा पत्ता लागलाच नाही. त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे अशाच तारेला लागून मेला, आणि शेतकऱ्याने घाबरून तो पुरून टाकला. गळ्यात कॉलर होती म्हणून निदान कळलं. या तारांनी माणसंही मरतात, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, स्वतःचाच मुलगा. मग जामीन मिळणं मुश्किल होतं आणि वावर विकून वकील करावा लागतो. मामा असं करत असतील असं मी म्हणत नाही. पण शेजारी करत असेल तर त्याला समजवा. आम्ही हंगामात वीजवाल्यांबरोबर लाइनखालून रात्री पायी फिरायचो, फिडर अवेळी ट्रिप झाला, म्हणजे लाइन अचानक बंद पडली, की आधी शंका तारेचीच.

त्याऐवजी सोलरचं झटका मशीन लावा. त्याचा धक्का जोराचा असतो पण क्षणभराचा, थांबून थांबून येतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. वनखात्याच्या योजनेतून अनुदान मिळू शकतं, गावच्या समितीत किंवा वनरक्षकाकडे चौकशी करा, यंदाचा निधी शिल्लक आहे का हे तिथेच कळेल. पण यंत्र आणून टांगलं म्हणजे काम झालं असं नाही. मी जितकी बंद पडलेली झटका कुंपणं पाहिली, त्यांतली बहुतेक एकाच कारणाने. पावसाळ्यात तारेखालचं गवत वाढतं, ओलं गवत तारेला टेकतं आणि करंट जमिनीत उतरतो. डुकराला दोन रात्रींत कळतं. दर आठ-दहा दिवसांनी तारेखाली विळा फिरवायची तयारी असेल तरच घ्या. डुकरांसाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी, उंच ठेवली तर ती खालून निघून जातात. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच वेढा घेतला तर खर्च वाटला जातो आणि मधल्या धुऱ्यांवर तार लागत नाही.

गोठ्याचं त्याहून सोपं आहे. तीन बाजूंनी भिंत आणि चौथीला दोरी, असा गोठा म्हणजे वाघ-बिबट्याला ताट वाढून ठेवणं. चारही बाजूंना जाळी, वरून बंद, दाराला कडी. रात्री बाहेर बांधलेलं वासरू आत घ्या. गोठ्यामागे घाणेरीचं रान माजलं असेल तर ते काढा, वाघ उघड्यावरून सहसा येत नाही. मामांना हेही सांगा की पहाटे वावरात एकटं वाकून काम करू नका. आमच्याकडचे बरेच हल्ले मोहफूल वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसावर झालेत. उभा माणूस वाघाला माणूस वाटतो, वाकलेला तसा वाटत नाही.

पुन्हा एखादं जनावर मारलं गेलंच, तर ते ओढून नेऊ नका, कातडं काढू नका. तसंच ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, आणि ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा १९२६वर कळवा. पंचनामा त्याशिवाय होत नाही आणि भरपाई पंचनाम्याशिवाय मिळत नाही. गेल्या हिवाळ्यात गोऱ्ह्याचा पंचनामा झाला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला असेल आणि पैसे आले नसतील, तर पंचनाम्याची नक्कल घेऊन रेंज ऑफिसला जा, तोंडी विचारून काही होत नाही. आणि रागाच्या भरात कोणी मेलेल्या जनावरावर थिमेट, म्हणजे विषारी कीटकनाशक, टाकायला सांगितलं तर ऐकू नका. वाघ मरेल, त्यामागून गिधाडं मरतील, गावची कुत्री मरतील, आणि मामा आत जातील.

एक विचारायचं राहिलं. मामांच्या बांध्यांच्या कुठल्या बाजूने नाला जातो? डुकरं उघड्या शिवारातून क्वचित येतात, नाल्याच्या काठच्या झुडपातून येतात. सकाळी दव असताना धुऱ्याने एक चक्कर मारली तर चिखलात खूर दिसतील आणि वाट कळेल. पैसे कमी असतील तर तार आधी त्या बाजूने लावा.